गोठ्यातलं दुखणं दवाखान्यात सांगा

दोन आठवडे ताप येतोय-जातोय, कंबर धरलीय, रात्री अंगाखालचं अंथरूण घामाने भिजतंय, म्हणून माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. डॉक्टर विचारतात, खोकला आहे का, लघवीला जळजळ होते का, बाहेरगावी गेला होतात का. तो सगळ्याची खरी उत्तरं देतो. एक गोष्ट तेवढी सांगायची राहते. महिन्यापूर्वी घरची गाय सातव्या महिन्यात गाभडली होती आणि मेलेलं वासरू त्यानेच उघड्या हातांनी ओढून काढलं होतं. डॉक्टरांनी विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही. गाईच्या गाभडण्याचा आपल्या तापाशी काही संबंध असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

संबंध असू शकतो, आणि तो वेळेवर लक्षात आला तर माणूस महिनोन्‌महिने कण्हत राहण्यापासून वाचतो. माणसांना होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी साधारण दहातले सहा रोग मुळात जनावरांकडून, पक्ष्यांकडून आलेले आहेत, असं जागतिक आरोग्य क्षेत्रातले जाणकार सांगतात. तरी आपल्याकडे जनावरांचा दवाखाना एका टोकाला, माणसांचा दुसऱ्या टोकाला आणि पाणीपुरवठ्याचं काम ग्रामपंचायतीकडे. तिघांची दप्तरं वेगळी, साहेब वेगळे. या तिन्ही ठिकाणी जाणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे तुम्ही. म्हणून ही विनंती तुम्हालाच: गोठ्यात काय घडलं ते माणसांच्या डॉक्टरांना सांगा, घरात कोण आजारी आहे ते जनावरांच्या डॉक्टरांना सांगा, आणि दोन्हीकडचं ग्रामपंचायतीच्या कानावर घाला.

अहिल्यानगर जिल्ह्यात याची गरज जास्त आहे. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, चौदा तालुके. संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर भागात घराघरात संकरित गाई. काष्टी, घोडेगाव, लोणी, वाळकी इथले जनावरांचे बाजार, जिथे लांबलांबचे व्यापारी येतात. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून आणि शेजारच्या बीडहून बैलगाड्या घेऊन कारखान्यांवर उतरणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या. मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार. शिर्डी आणि शनिशिंगणापूरची बारमाही गर्दी. माणसं आणि जनावरं एवढी फिरतात, तिथे रोगही फिरणार. जंतू काही सातबारा बघून बांधावर थांबत नाहीत.

रोग येतो कोणत्या वाटेने

नावं शंभर असतील, वाटा मोजक्याच आहेत. पहिली स्पर्शाची. वासराच्या अंगावरचं गजकर्ण काही दिवसांत त्याला कुरवाळणाऱ्या पोराच्या मानेवर दिसतं. दुसरी तोंडावाटे: कच्चं दूध, घाण पाणी, न धुतलेले हात. तिसरी श्वासाची. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये सापडला, तेव्हा शेडमध्ये उतरणाऱ्या माणसांना तोंडावर मास्क लावून का पाठवत होते, ते यावरून कळेल. चौथी वाट चावणाऱ्या किड्यांची: डास, गोचीड, पिसू, गोमाशी. पाचवी जखमेची: कुत्र्याचा दात, किंवा भेगाळलेली टाच उंदराच्या मुताने घाण झालेल्या पाण्यात पडणं.

कोणताही नवा रोग आला की घाबरण्याआधी एवढंच विचारा: हा यातल्या कोणत्या वाटेने येतो? वाट कळली की ती अडवता येते.

लम्पीच्या वेळी आपण हे अनुभवलं आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात गाठी आलेली जनावरं दिसली आणि थोड्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातही रोग आला. लम्पी माणसाला होत नाही. पण रोग कसा पसरतो आणि अफवा कशी पसरते, हे त्याने एकाच हंगामात दाखवलं. गाठी आलेल्या गाईचं दूध प्यायलं तर माणसाला रोग होतो, अशी आवई उठली आणि काही घरांनी दूध बंद केलं. तेव्हा रोग खरा जात होता माश्या, डास आणि गोचिडांवरून, आणि बाजारातून आणलेल्या जनावराबरोबर. म्हणून बाजार बंद झाले, गोठ्यांमध्ये फवारण्या झाल्या, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. ज्यांनी गाठ दिसताच जनावर वेगळं बांधून डॉक्टरांना कळवलं, त्यांनी शेजाऱ्यांची दावण वाचवली. ज्यांनी ‘उगाच बोभाटा नको’ म्हणून दोन दिवस लपवलं, किंवा आजारी जनावर रातोरात विकून मोकळे झाले, त्यांनी रोगाला पुढच्या गावाला जायला गाडी करून दिली.

बाजारातून नवी गाय आणली, मग ती शेजारच्या गावची असो की बंगळूरकडची, तर तिला किमान तीन आठवडे वेगळी बांधा. तिची धार शेवटी काढा आणि तिचं पाण्याचं टोपलं वेगळं ठेवा. कानात बिल्ला नसलेलं आणि लसीकरणाचा पत्ता नसलेलं जनावर स्वस्त मिळतंय म्हणून आणू नका. तोडणीला निघणाऱ्या गाडीवानांनी बैलांच्या लसी गाव सोडण्याआधी टोचून घ्याव्यात. कारखान्याच्या तळावर शे-दीडशे बैल एकाशेजारी एक बांधलेले असतात. तिथे रोग शिरला तर उपचाराला वेळ मिळत नाही, आणि बैल बसला की टोळीचा हंगामच बसतो.

गाभडलेली गाय

आता सुरुवातीच्या त्या तापाकडे येऊ. गाईचा सातवा-आठवा महिना चालू आहे. रात्री अकराला ती अस्वस्थ होते, ऊठ-बस करते. घरधनी बॅटरी घेऊन जातो तर मेलेलं वासरू अर्धं बाहेर आलेलं. तो बाह्या सारतो, हात घालतो, ओढून काढतो. जार अडकलेला असतो, तोही हातानेच सोडवायला बघतो. हाताला दिवसभराच्या गवत कापणीच्या चिरा आहेतच. मग वासरू आणि जार पाटीत भरून उकिरड्यावर. पहाटे दोन कुत्री जार ओढत वस्तीभर फिरतात. सकाळी घरातली बाई तीच जागा हाताने झाडते, शेण भरते, तशीच धार काढायला बसते. लहान पोरगं कपभर धारोष्ण दूध पितं.

या गाईला ब्रुसेल्ला नावाच्या जंतूची लागण असेल, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा रोग असेल, तर त्या रात्रीत चार ठिकाणी माणसाला धोका झाला: हाताच्या चिरांतून, तोंडावर उडालेल्या पाण्यातून, झाडताना आणि दुधातून. जार, गर्भपाणी आणि मेलेलं वासरू यांत हे जंतू कोट्यवधी असतात. माणसात हा रोग सुरू होतो तो साध्या तापाने. ताप उतरतो, पुन्हा येतो. रात्री घाम, कंबर आणि सांधे धरतात, भूक जाते. पुरुषांना कधी वृषणाला सूज येते. टायफॉइड म्हणून, मलेरिया म्हणून औषधं होतात, थोडं बरं वाटतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न. हा रोग रक्ताच्या तपासणीत कळतो. त्यावरच्या गोळ्या-इंजेक्शनं साधारण दीड महिना सलग घ्यावी लागतात. पण ही तपासणी डॉक्टर सांगणार कधी? तुम्ही गाईचं नाव काढलं तर.

म्हणून गाय गाभडली तर हे करा. उघड्या हाताने काही ओढू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकची पिशवी कोपरापर्यंत बांधा आणि डॉक्टरांना फोन करा. टोल फ्री १९६२ वर पशुवैद्यकीय सेवा मिळते. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्या जागेपासून लांब राहायचं. वासरू, जार आणि खालचा भुसा कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. जागा फिनेल किंवा ब्लिचिंगच्या पाण्याने धुवा. हात साबणाने धुवा, कपडे उकळत्या पाण्यात टाका. गाय दुसऱ्या कोणाला विकू नका आणि तिचं रक्त तपासून घ्या. आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेल्लाची लस टोचून घ्या. ही लस आयुष्यात एकदाच द्यायची असते आणि फक्त मादी वासरांना. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्ला आटोक्यात आणायचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे, त्यात ही लस फुकट मिळते. लसीकरणाची गाडी गावात आली की ‘लस टोचली की दूध घटतं’ म्हणून गाई रानात हाकून देणारे लोक अजून आहेत. दूध घटलं तर दोन-चार दिवस घटेल. गाय गाभडली तर वर्ष गेलं.

आणि दूध उकळूनच प्या. धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्या पिढ्यांनी केलं असेल, पण तेव्हाच्या आजारांची नोंद कोणी ठेवली नव्हती. एक उकळी येऊ द्या, एवढंच.

पिसाळलेलं कुत्रं आणि घास अडकलेली गाय

रेबीजबद्दल सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. गाय चारा खात नाही, तोंडातून लाळ गळतेय, घोगऱ्या आवाजात हंबरतेय, मान ताणतेय. बघणारा म्हणतो, घशात काहीतरी अडकलंय. गूळ-तेल पाजायचं ठरतं, एकजण जबडा धरतो, दुसरा कोपरापर्यंत हात घशात घालतो. चार दिवसांनी गाय मरते. मग कोणाला तरी आठवतं की महिन्या-दोन महिन्यांपूर्वी एक परकं कुत्रं वस्तीत शिरून तिच्या नाकाला चावलं होतं. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत रेबीजचा विषाणू असतो. गिळता न येणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही, हा नियम घरातल्या पोरासोरांना पाठ करून द्या. आणि घातला गेलाच असेल, तर त्या गाईला हात लावलेली सगळी माणसं त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन ही हकिगत सांगोत.

कुत्रं, मांजर, माकड, कोल्हा, तरस, बिबट्या, यातलं काहीही चावलं किंवा ओरबाडलं, तर पहिला उपचार घरच्या नळाखाली होतो. जखमेवर वाहतं पाणी सोडायचं, साबण लावायचा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा मिनिटं फार वाटतात. पोरगं रडतं, आजी म्हणते पुरे झालं. तरी धुवत राहा. जखमेत शिरलेले बरेच विषाणू तिथेच धुतले जातात. चुना, मिरची, हळद, तेल, तंबाखू काही भरू नका. लगेच टाके घालायचा आग्रह धरू नका. कुठल्या बाबाच्या मंतरलेल्या पाण्यासाठी पेट्रोल जाळू नका. सरळ दवाखान्यात जा. पहिली सुई ज्या दिवशी घ्याल तो शून्य दिवस धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढच्या सुया, आणि जखम खोल असेल तर जखमेभोवती द्यायचं वेगळं सीरम. जखम बरी झाली म्हणून शेवटची सुई चुकवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर जगात उपाय नाही, आणि लक्षणांआधी सुया झाल्या तर रोग टळतो. मुलं मार बसेल म्हणून कुत्र्याचा चावा लपवतात. ‘चावलं तर आधी सांग, कोणी रागावणार नाही,’ हे वाक्य प्रत्येक घरात आणि प्रत्येक अंगणवाडीत आज बोलून टाका.

गिधाड गेलं, कुत्रं वाढलं, बिबट्या आला

आता जरा रानाकडे बघू, कारण कुत्री वाढली कशी याचं उत्तर तिकडे आहे. पन्नाशीपुढच्या लोकांना आठवत असेल, गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडांचा थवा उतरायचा आणि दिवसभरात नुसता सापळा उरायचा. नव्वदच्या दशकात गिधाडं दिसेनाशी झाली. जनावरांना वेदना आणि सुजेवर देत असलेलं डायक्लोफिनॅक हे औषध त्याला कारण झालं. ते औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की त्याचं मूत्रपिंड निकामी होत असे. जनावरांसाठी या औषधावर देशात २००६ मध्ये बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. उघड्यावरची ढोरं मग कुत्र्यांच्या वाट्याला आली आणि नाल्याओढ्यांतलं पाणी घाण झालं. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला की गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात वर्षाला सुमारे एक लाख माणसं जास्त दगावली. गाईला दिलेल्या एका सुईचा हिशेब कुठपर्यंत गेला बघा.

पुढची कडी आपल्या अकोले तालुक्यात आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतीभागातल्या बिबट्यांचा अभ्यास केला, विष्ठा तपासून ते काय खातात ते पाहिलं. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. उसात लपायला जागा आणि वस्तीभोवती कुत्री, मग बिबट्या जाईल कशाला? आणि कुत्री कशावर पोसतात? चिकनच्या दुकानामागे ओतलेल्या आतड्यांवर, लग्नाच्या पत्रावळ्यांवर, उकिरड्यावर टाकलेल्या जारावर, ओढ्यात फेकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर. पिंजरा लावा म्हणून वनखात्याच्या मागे लागणाऱ्या गावाने आधी आपल्या हद्दीतला उकिरडा बघावा. मेलेलं जनावर पुरण्याची जागा ग्रामपंचायतीने ठरवून द्यावी, चिकन-मटणवाल्यांना खड्डा सक्तीचा करावा, आणि गावातल्या कुत्र्यांचं लसीकरण व नसबंदी यासाठी पंचायत समितीकडे लेखी मागणी करावी. विष घालून कुत्री मारणं गुन्हाही आहे आणि निरुपयोगीही. मोकळ्या झालेल्या जागेत लस न टोचलेली नवी कुत्री येतात.

उंदीर, पाणी, डास

आपल्या आज्या-पणज्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडून रानात झोपडी घालायची. प्लेगने शिकवलेलं ते शहाणपण. जनावर आधी मरतं, मग माणूस, हे त्यांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय हेरलं होतं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात १९९४ च्या ऑगस्टमध्ये पिसवांचा त्रास वाढला, उंदीर मरून पडले, आणि पुढच्याच महिन्यात प्लेगचे संशयित रुग्ण निघाले. जाणकारांनी तिथे जोडलेला धागा असा: ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीने लोक घराबाहेर राहू लागले, बंद घरांत धान्य तसंच राहिलं, उंदीर माजले. म्हणून एकाच वेळी बरेच उंदीर मेलेले दिसले, कावळे पडले, पोल्ट्रीत अचानक मर झाली, तर ती आरोग्य सेवकाला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायची बातमी आहे. मेलेला पक्षी किंवा उंदीर उघड्या हाताने उचलू नका. मरू लागलेल्या कोंबड्या घाईघाईने कापून स्वस्तात विकू नका. पावसाळ्यात उसात, भातात पाणी देताना पायात बूट घाला. पायाला जखम असेल आणि नंतरच्या काही आठवड्यांत सणकून ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं, तर ‘मी पाण्यात उतरलो होतो’ हे डॉक्टरांना सांगा. उंदराच्या मुताने घाण झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टो हा रोग वेळेवर ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो.

पाण्याचं ताजं उदाहरण पुण्याचं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात हातापायातली ताकद जाणारे जीबीएसचे रुग्ण वाढले. काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि पिण्याच्या दूषित पाण्याकडे संशयाची सुई वळली. हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात सहज राहतो. कोंबडी आजारी दिसतही नाही. एवढ्या मोठ्या शहरात हे होतं, तर ज्या गावात पोल्ट्रीचं खत विहिरीच्या कडेला रचलेलं असतं तिथे काय? सार्वजनिक विहिरीत आणि टाकीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) कधी टाकलं, किती टाकलं, डबा मुदतीतला आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. टाकी धुतल्याची तारीख टाकीवर रंगवून घ्या. टँकरचं पाणी पिणाऱ्या वाड्यांनी ते गाळून, उकळून किंवा क्लोरिनच्या गोळीने शुद्ध करून प्यावं.

डासांचं एका ओळीत सांगतो, पण ते करा. आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी, रांजण, कूलर, टायर, जनावरांचं हौद-टोपलं रिकामं करून घासून कोरडं करा. आता नाव विसरलो असलो, तरी डासांवरून पसरणाऱ्या झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला, म्हणजे खेड्यातच सापडला होता.

औषध घरी ठेवू नका

कास दगडावली की ओळखीच्या दुकानातून अँटिबायोटिकची ट्यूब आणायची आणि स्वतःच सडात भरायची, ही सवय आपल्या दूधपट्ट्यात घरोघर आहे. एक दिवस बरं वाटलं की दुसरा दिवस सोडून द्यायचा, आणि त्याच गाईचं दूध संध्याकाळी डेअरीला. अर्ध्या उपचाराने जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. हे सरावलेले जंतू शेणातून मातीत, पाण्यात आणि मग माणसात येतात. आणि उद्या तुमच्या नातवाला न्यूमोनिया झाला तर तेच औषध त्याला लागू पडत नाही. तेव्हा कोर्स पुरा करा, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस दूध वेगळं काढून ओतून द्या, आणि सर्दीवर स्वतः अँटिबायोटिक घेऊ नका. सूज उतरवायला दुकानदार जुनं डायक्लोफिनॅक पुढे करत असेल, तर मेलोक्झिकॅम मागा. ते गिधाडांना सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं आहे.

हे जमतं, याच जिल्ह्यात जमलं आहे

‘एवढं शिकलेली माणसं आमच्या गावात कुठे?’ असं कोणी म्हणेल, तर त्याला जामखेडला पाठवा. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे कामाला सुरुवात केली. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी बाळंतपण, हगवण, कुष्ठरोग, क्षय, पिण्याचं पाणी, शोषखड्डे यांचं ज्ञान दिलं. त्या बायका गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, पुरुषांची शेतकरी मंडळं उभी राहिली, आणि जगभरचे डॉक्टर शिकायला जामखेडला येऊ लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पदवी नसलेली बाई रोग ओळखू शकते, गावाला समजावू शकते, हे तिथे सिद्ध झालं. आणि गाव एकमताने नियम पाळू शकतं का, ते पाहायचं तर हिवरे बाजारला जा. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाण्याचा ताळेबंद ठरला आणि टिकला. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या लाटेत ते गाव घरोघर तपासणी करून कोरोनामुक्त झालं, ते याच सवयीमुळे.

तर येत्या ग्रामसभेत चार विषय मांडा. एक, आशा सेविका, आरोग्य सेवक, पशुधन पर्यवेक्षक आणि ग्रामसेवक यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायचं: गावात कोणाला लांबलेला ताप आहे, कोणाची गाय गाभडली, कुत्रं कोणाला चावलं, पाण्याचा नमुना कसा आला. एका वहीत लिहायचं, आणि ती वही ग्रामपंचायतीत सगळ्यांना बघायला ठेवायची. दोन, मेलेलं जनावर पुरण्याची जागा. तीन, कुत्र्यांना लस. चार, टीसीएलचा आणि टाकी धुण्याचा फलक.

आणि घरात एक गोष्ट आजच करा. दवाखान्याचे कागद ज्या पिशवीत ठेवता, त्यात जनावरांच्या लसीचं कार्डही ठेवा. पुढच्या वेळी घरात कोणाला ताप आला तर ती पिशवी घेऊन जा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा: आमच्याकडे इतकी जनावरं आहेत, ही नवी आणलेली आहे, ही गाभडली आहे, आम्ही दूध उकळून पितो की नाही. सांगायला एक मिनिट लागतं. त्या मिनिटाने निदानाचे कितीतरी दिवस वाचू शकतात.